टेप ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात की बाहेर टेबलावर?

टेपवर, म्हणजे कॅसेटसारख्या चुंबकीय फितीवर, बॅकअप घ्यायचा हे एकदा ठरलं की व्हेंडर एकच प्रश्न विचारतो, "इंटर्नल देऊ की एक्स्टर्नल?" आपण कोटेशनमधला कमी आकडा बघतो आणि "इंटर्नल द्या" म्हणून मोकळे होतो. २०१६ मध्ये मीही असाच मोकळा झालो होतो. साडेचार वर्षं तो ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात सांभाळला. २०२१ पासून एक्स्टर्नल वापरतोय. दोघांशीही संसार करून झालाय, म्हणून हा खटाटोप.

आमचं ऑफिस फोर्टातल्या एका जुन्या इमारतीत आहे. लिफ्ट आहे, पण तिचा मूड लागलेला असावा लागतो. सर्व्हर पोटमाळ्यावर, जिथे उभं राहिलं की डोकं वाशाला लागतं. तीस-पस्तीस माणसं, टॅली, ड्रॉइंग्ज आणि स्कॅन केलेल्या कागदांचा ढीग. कंपनी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपायची आणि कॉम्प्युटरवर असतील तर त्यांचा रोजच्या रोज बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवायचा, हे आमच्या ऑडिटरनी इतक्यांदा सांगितलंय की आता मामांनाही पाठ आहे. मामा म्हणजे आमचे शिपाई. क्लाउड की टेप या वादात आज शिरत नाही. इथवर वाचत आलात म्हणजे तुमचं टेपचं ठरलेलं असणार.

आधी एक गैरसमज काढून टाकू. इंटर्नल आणि एक्स्टर्नल हे दोन वेगळे ड्राइव्ह नाहीत. यंत्र तेच. एकाला सर्व्हरची वीज आणि सर्व्हरचा वारा मिळतो, दुसऱ्याला स्वतःचा डबा, स्वतःचा पॉवर सप्लाय आणि स्वतःचा पंखा. त्यामुळे वेगाची तुलना करत बसू नका. एलटीओ (बॅकअपच्या टेपचा प्रचलित प्रकार, पुढचा आकडा पिढीचा) एलटीओ-८ चा अर्ध्या उंचीचा ड्राइव्ह सेकंदाला ३०० एमबी लिहितो, आत असो की बाहेर. तो वेग तुम्ही त्याला पुरवू शकता का, हा निराळा प्रश्न. गिगाबिट नेटवर्कवरून सेकंदाला फार तर ११०-११५ एमबी येतात. डेटा कमी पडला की ड्राइव्ह थांबतो, टेप थोडी मागे घेतो, पुन्हा पळायला लागतो. बूटपॉलिशवाल्याच्या ब्रशसारखं हे मागे-पुढे रात्रभर चालतं आणि त्यात टेपही झिजते, हेडही झिजतं. आधी सगळं सर्व्हरमधल्याच डिस्कवर गोळा करा आणि तिथून टेपवर उतरवा. दोन्ही प्रकारांना हा उपाय सारखाच लागू आहे, म्हणून वेगाचा विषय इथेच संपवतो.

आता बसवण्याबद्दल.

इंटर्नलला मुळात जागा हवी, म्हणजे सवापाच इंची बे. हल्लीच्या वन-यू, टू-यू (यू हे जाडीचं माप) अशा चपट्या रॅक सर्व्हरमध्ये ती नसतेच, त्यामुळे सर्व्हर रॅकचा असेल तर तुमचा निर्णय तिथेच लागला. माझा सर्व्हर टॉवर, म्हणजे उभ्या डब्याचा होता. बाजूचं झाकण काढलं, पुढची कोरी पट्टी उचकटली, ड्राइव्हला रेल लावल्या, एम-३ चे बारीक स्क्रू पिळले. इथपर्यंत अर्धा तास. मग मागच्या बाजूला गेलो आणि तिथे दुपार गेली. इंटर्नल सॅस (सर्व्हरला डिस्क आणि टेप जोडायची पद्धत) ड्राइव्हच्या पाठीला एसएफएफ-८४८२ नावाचा लांबट कनेक्टर असतो. त्याच्या एका अंगाला डेटा, दुसऱ्या अंगाला वीज. डेटाची केबल ड्राइव्हबरोबर आली होती. वीज घ्यायला सर्व्हरमध्ये एकही मोकळी वायर नव्हती. साध्या पीसीत मोलेक्सची दोन-तीन टोकं लोंबकळत असतात. सर्व्हरमध्ये बेसाठी वेगळी पॉवर केबल मागवावी लागते, आणि ती ज्याचा सर्व्हर त्याच्याचकडून. आठ दिवस ड्राइव्ह आत, झाकण उघडं, आणि मी फोनवर.

माझी दुसरी चूक कार्डाची. सर्व्हरमधल्या रेड कंट्रोलरवर, म्हणजे अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या कार्डावर, एक पोर्ट मोकळं दिसलं, म्हणून ड्राइव्ह तिथेच जोडला. ड्राइव्ह दिसला, छोटी टेस्टही झाली. रात्रीच्या मोठ्या बॅकअपला मात्र मध्येच एरर देऊन बसायला लागला. टेप ड्राइव्ह रेड कंट्रोलरवर लावायचा नसतो, त्याला साधं एचबीए कार्ड, म्हणजे नुसती जोडणी करून देणारं कार्ड, लागतं, हे बहुतेक ड्राइव्हवाल्यांच्या कागदपत्रांत लिहिलेलं असतं. मी ते वाचलं, पण नंतर.

आमच्या पिढीला यात नवल वाटू नये खरं तर. डॅट टेपच्या काळात, डीडीएस-४ ची २० जीबीची कॅसेट म्हणजे श्रीमंती होती तेव्हा, स्कझीच्या (सॅसच्या आधीची जोडणी) चपट्या केबलला शेवटी टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारा तुकडा, लावला नाही की ड्राइव्ह दिसायचा, गायब व्हायचा, परत दिसायचा. आयडी जंपरने ठरवायचा आणि दोघांचा आयडी एक झाला की दोघेही रुसायचे. सॅसने ते सगळं संपवलं. आता आयडी नाही, टर्मिनेटर नाही; फक्त योग्य कार्ड आणि योग्य केबल हवी. आणि ती केबलच माणसाला रडवते.

एक्स्टर्नल बसवायला झाकण एकदाच उघडलं, कार्डापुरतं. माझ्याकडे ९३००-८ई हे एचबीए कार्ड आहे. शेवटचा 'ई' एक्स्टर्नलचा. तिथे 'आय' असेल तर पोर्टं आतल्या बाजूला निघतात आणि तुम्ही नव्या कार्डाकडे हताश होऊन बघत बसता. पीसीआय एक्स्प्रेसच्या स्लॉटमध्ये कार्ड घातलं आणि लक्षात आलं की कार्डाच्या टोकाची धातूची पट्टी पूर्ण उंचीची आहे आणि माझा नवा सर्व्हर टू-यू. लो-प्रोफाइल पट्टी डब्यात नव्हती. लॅमिंग्टन रोडला तीन दुकानं फिरलो. चौथ्या दुकानदाराने एक ड्रॉवर उघडला, त्यात फक्त पट्ट्या. "शोधून घ्या, मिळाली तर शंभर रुपये द्या." मिळाली.

केबलचंही तसंच. कार्डाकडचं टोक एसएफएफ-८६४४, माझ्या ड्राइव्हकडचं एसएफएफ-८०८८. साइटवरच्या फोटोत दोन्ही जुळ्या भावांसारखी दिसतात, प्रत्यक्षात एकाच्या घरात दुसरं शिरत नाही. पहिली केबल मी दोन्हीकडे ८६४४ असलेली मागवली होती. ती अजून ड्रॉवरमध्ये आहे, कुणाला हवी असल्यास. बरोबर केबल आली त्या दिवशी मात्र दहा मिनिटांत काम झालं. टोक आत सरकवलं की 'कट्' असा आवाज येतो आणि ते बसतं. काढायचं तर वरची निळी पट्टी ओढावी लागते. हा आवाज मला का आवडतो ते सांगतो. इंटर्नलचं ८४८२ टोक, निदान माझ्या केबलचं, नुसतं घट्ट बसतं. त्याला खिट्टी नाही. माझ्या टॉवरमध्ये डिस्कच्या पिंजऱ्यामागे ती केबल दुमडून न्यावी लागत होती आणि बाजूचं झाकण लावलं की तिला कोपर लागायचं. तीन महिन्यांनी एका सकाळी ड्राइव्ह गायब. झाकण काढून पाहिलं तर कनेक्टर एका बाजूने दोनेक मिलिमीटर बाहेर आलेला. पुढे मी त्यावर प्लॅस्टिकची पट्टी आवळली. दिसायला गावठी, पण टिकली.

ड्राइव्ह दिसायला लागल्यावरची एक चूक दोन्हीकडे सारखीच होते, ती जाता जाता सांगतो. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हची दोन नावं दिसतात, एसटी-झिरो आणि एनएसटी-झिरो. यातली एसटी आपल्या लाल डब्यासारखी, फेरी झाली की डेपोत परत. म्हणजे काम संपलं की टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. सोमवारचा बॅकअप एसटीवर घेतला, मंगळवारचाही एसटीवरच घेतला, तर मंगळवार सोमवारच्या डोक्यावर बसतो. एनएसटी जिथे थांबली तिथेच थांबते. एका टेपवर आठवड्याचे बॅकअप एकामागोमाग लिहायचे असतील तर स्क्रिप्टमध्ये 'एन' आहे ना, हे दोनदा बघा. मी एकदाच बघितलं होतं.

उष्णतेबद्दल माझ्याकडे मोजमाप नाही, हात आहे. इंटर्नलमधून सकाळी टेप काढली की ती इस्त्रीवाल्याकडून नुकत्या आलेल्या शर्टासारखी गरम लागायची. टॉवरचा बे सगळ्यात वर, आणि पंखे सगळे खाली, प्रोसेसर आणि डिस्कच्या तैनातीला. एक्स्टर्नलमधली टेप कोमट असते. बस्स, इतकंच. हेड साफ करायला सांगणारा क्लीनिंगचा दिवा इंटर्नलवर जास्त वेळा लागायचा हेही खरं. पण ती मेट्रो-३ च्या खोदकामाची वर्षं होती, फोर्टात टेबलावर बोटाने नाव लिहिता यायचं, त्यामुळे तो दोष सगळा सर्व्हरच्या पोटाचा म्हणता येणार नाही. एक्स्टर्नलचा पंखा खोलीतली हवा थेट ओढतो, धूळ त्यालाही सुटत नाही. क्लीनिंग टेप साधारण पन्नास वेळा चालते. तिच्यावर दर वेळी पेनाने एक रेघ मारत जा, नाहीतर संपलेली टेप घालून आपण समाधानात राहतो.

आता मुख्य दुखणं. बाकीचं सगळं मी सहन केलं असतं.

२०१९ चा मार्च. तारीख २९, शुक्रवार. दर शुक्रवारी एक टेप माझ्या बॅगेतून मुलुंडला घरी जाते, हा आमचा 'ऑफ-साइट' बॅकअप. संध्याकाळी सहाला इजेक्टचं बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. ड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकतोय. वाटलं गुंडाळत असेल. एलटीओ-६ ची टेप ८४६ मीटर लांब असते, शेवटापासून गुंडाळायला वेळ लागतो. चहा घेऊन आलो. दिवा तसाच. बॅकअपची प्रोसेस मारायला गेलो तर किल-नाइन या जबरदस्तीने बंद करायच्या आज्ञेलाही दाद देईना. ड्राइव्हच्या उत्तराची वाट बघत कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, अडकून बसली होती. मामा पोटमाळ्याच्या शिडीवर उभे राहून बघत होते. "साहेब, कॅसेट अडकली? आमच्याकडे अडकली की मी पेन्सिल घालून फिरवायचो."

पेन्सिलीचा उपाय नव्हता. एकच होता, ड्राइव्हची वीज घालवून परत आणायची. आणि ड्राइव्हची वीज म्हणजे सर्व्हरची वीज. खाली अकाउंट्समध्ये मार्चएण्ड चालू. मॅडमना विचारायला गेलो तर त्यांनी मान वर न करता सांगितलं, "अहो, आत्ता? माझी व्हाउचर्स चाललीयेत. साडेदहाच्या आधी सर्व्हरला हात लावायचा नाही."

साडेदहापर्यंत बसलो. मग सगळ्यांना बाहेर पडायला सांगून सर्व्हर रीस्टार्ट केला. ज्यांनी सर्व्हर चालू होताना पाहिलाय त्यांना ठाऊक आहे, मेमरी तपासण्यातच त्याची दहा मिनिटं जातात. वर आला. टेप आतच. कारण रीस्टार्टमध्ये ड्राइव्हची वीज जातच नाही! ड्राइव्हच्या दृष्टीने काही घडलेलंच नव्हतं. तोवर मॅडम परत टॅलीत शिरल्या होत्या. पुन्हा खाली जाऊन पुन्हा विनवणी. त्यांच्या चेहऱ्याचं वर्णन करत नाही. या खेपेला सर्व्हर पूर्ण बंद केला, मिनिटभर थांबलो, चालू केला. ड्राइव्हला वीज मिळताच त्याने आत टेप आहे हे ओळखलं, सावकाश गुंडाळली आणि जीभ काढल्यासारखी बाहेर दिली. मुलुंडला पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता.

साडेचार वर्षांत असं सहा वेळा झालं. दोष ड्राइव्हचा, त्या दुमडलेल्या केबलचा की माझ्या सॉफ्टवेअरचा, हे छातीठोकपणे आजही सांगता येणार नाही, आणि तुमच्याकडे कदाचित कधीच होणार नाही. पण मुद्दा ड्राइव्ह अडकण्याचा नाहीच. कुठलंही यंत्र कधी ना कधी अडकतं. अडकल्यावर एका टेपसाठी तीस माणसांना उठवावं लागतं की नाही, हा मुद्दा आहे.

एक्स्टर्नलही अडकला, तेही सांगायला हवं. एकदाच, भर दुपारी साडेतीनला. बॅकअपची सर्व्हिस बंद केली, खरंच काही लिहिलं जात नाहीये ना याची खात्री केली, ड्राइव्हच्या पाठीमागचा स्विच बंद केला. वीस अंक मोजले. चालू केला. टेप गुंडाळली, बाहेर आली. मग लिनक्सला सॅसचं कार्ड परत चाचपायला सांगितलं आणि ड्राइव्ह जागेवर. विंडोजवाल्यांना डिव्हाइस मॅनेजरमध्ये हार्डवेअर परत शोधायला सांगितलं की बहुतेक वेळा भागतं. मधल्या वेळात सर्व्हर आपला चालूच. अकाउंट्सच्या मॅडमना हे आजही माहीत नाही.

माझ्यासाठी निकाल त्या एका स्विचने लावला.

दुसरं एक कारण त्यानंतर हळूहळू उमगलं. एलटीओचा जुना दंडक असा होता की ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्यांच्या टेप वाचतो. एलटीओ-७ पाचची आणि सहाची टेप वाचतो. एलटीओ-८ ला तो दंडक मोडला. तो फक्त सातची आणि आठची वाचतो. २०२१ मध्ये मी सहावरून थेट आठवर उडी मारली, म्हणजे २०१६ पासूनच्या माझ्या सगळ्या जुन्या टेप नव्या ड्राइव्हला परक्या. हिशेबाची वर्षं तर अजून मोजली जातायत. त्या टेप वाचायचा एकमेव मार्ग म्हणजे जुना ड्राइव्ह, आणि तो बसलाय जुन्या टॉवरच्या पोटात. एका ड्राइव्हपायी अख्खा टॉवर पोटमाळ्यावर चादर पांघरून ठेवलाय. सहा महिन्यांतून एकदा चालू करून बघतो, जिवंत आहे ना. ड्राइव्ह बाहेरचा असता तर कपाटात एका फळीवर मावला असता आणि लागेल तेव्हा नव्या सर्व्हरच्या त्याच कार्डाला लावता आला असता. स्क्रू काढून ड्राइव्ह दुसऱ्या मशीनमध्ये हलवता येतोच, नाही असं नाही. मागच्या बाजूची ती दुपार आठवली की माझा हात पुढे होत नाही.

शिवाय बॅकअप ज्या दिवसासाठी घेतो, तो दिवस सर्व्हर मेल्याचा असू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला पाऊणशेही नाही. आमचं फोर्टातलं ऑफिस कोरडं होतं, उपनगरातल्या ओळखीच्या एका ऑफिसात सर्व्हर पाण्याखाली. त्यांच्या टेप वरच्या मजल्यावर शाबूत होत्या. त्या वाचणारा ड्राइव्ह सर्व्हरच्या पोटात, पाण्याखाली. तेव्हा मी नोकरीत नवा होतो, हसलो होतो. पुढे अकरा वर्षांनी मीही इंटर्नलच घेतला. अक्कल हप्त्याहप्त्याने येते. आता आमच्याकडे दुसऱ्या एका मशीनमध्येही तसंच कार्ड घालून ठेवलंय. ड्राइव्ह उचलायचा, लावायचा. मुलुंडची टेप मात्र आणल्या आणल्या घालत नाही. पावसाळ्यात तर नाहीच. एक दिवस एसीच्या खोलीत ठेवतो, मग घालतो.

आता इंटर्नलची बाजू, कारण ती आहे.

१२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबईची वीज गेली. शनिवार-रविवारचा मोठा बॅकअप तेव्हा संपत आला होता आणि मी घरी, लोकल अजून सगळ्यांना खुली नव्हती. दुसऱ्या दिवशी पोचलो तर सगळं शिस्तीत. यूपीएसने सर्व्हरला बंद व्हायला सांगितलं, सर्व्हरने बॅकअप थांबवला, ड्राइव्ह त्याच्याबरोबर झोपला. इंटर्नलला वेगळा प्लग नसतो, म्हणून तो चुकीच्या सॉकेटमध्ये जाऊच शकत नाही. एक्स्टर्नलचा प्लग जाऊ शकतो. माझाच गेला होता. पहिले दोन महिने ड्राइव्ह भिंतीतल्या साध्या सॉकेटवर होता, आणि एकदा मामांनी व्हॅक्यूम क्लीनरसाठी तो काढला, टेप चालू असताना. हल्ली त्या प्लगवर मामांच्याच अक्षरातली चिठ्ठी आहे, "कॅसेट चालू. हात लावू नये."

डोंबिवली एमआयडीसीत एका छापखान्याचं कॉम्प्युटरचं काम बघणारा माझा एक मित्र आहे. त्याला मी उत्साहाने एक्स्टर्नल सुचवला तर म्हणाला, "अरे, तुझं ते टेबलावरचं खेळणं आमच्याकडे आठवडाभर टिकणार नाही. दुसऱ्याच दिवशी त्यावर कटिंगचे ग्लास दिसतील." त्याच्याकडे टॉवर आहे, कुलपाच्या कपाटात. रात्री नऊला छापखाना बंद होतो, सर्व्हर रोज बंद होतो, सकाळी रोज चालू होतो. त्याच्या ड्राइव्हला रोज आपसूक विश्रांती मिळते. त्याला माझं दुखणं ठाऊकच नाही, आणि त्याने इंटर्नलच घेतला हे बरोबरच केलं.

तर तुमचाही सर्व्हर टॉवर असेल, रात्री कुणाला न विचारता बंद करता येत असेल आणि आजूबाजूला उत्साही हात फार असतील, तर इंटर्नल घ्या आणि वाचलेल्या पैशांत चार टेप जास्त घ्या. पण दिवसा सर्व्हर बंद करायला कुणाची परवानगी लागत असेल, तर माझ्या मते तरी वरचे पैसे द्यावेत. पैसे फार वाटले तर एक पिढी मागचा ड्राइव्ह घ्या, पण बाहेरचा घ्या. आणि तुमचा सर्व्हर हायपर-व्हीचा (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन चालवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर) होस्ट असेल, तर ड्राइव्ह व्हर्च्युअल मशीनमध्ये देता येईलच असं धरून चालू नका. टेपसाठी वेगळं साधं मशीन लागू शकतं. वेगळं मशीन घ्यायचंच असेल आणि ते टॉवर असेल, तर मग इंटर्नल-एक्स्टर्नलचा फरक पुष्कळ कमी होतो, कारण त्या मशीनला दुसरं कुणी वापरत नाही. हे मीही मान्य करतो.

एक्स्टर्नलचं ठरवलंत तर कोटेशन 'टेप ड्राइव्ह १ नग' एवढ्यावर घेऊ नका. कार्डाचा मॉडेल नंबर लिहून घ्या, शेवटचं अक्षर 'ई' आहे ना बघा. पट्टी लो-प्रोफाइल हवी असेल तर ते शब्दांत लिहायला लावा. केबलच्या दोन्ही टोकांचे नंबर वेगवेगळे लिहून घ्या. ड्राइव्हच्या पाठीचा फोटो मागवून स्वतः पडताळा, पिढीप्रमाणे आणि कंपनीप्रमाणे तिथलं पोर्ट बदलतं. केबल दोन मीटरची पुरे. एक क्लीनिंग टेप धरून घ्या. एलटीओ-९ घेणार असाल तर नवी कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती स्वतःशी जुळवून घेतो; त्याला बहुधा चाळीसेक मिनिटं लागतात, कधी दोन तासही. ड्राइव्ह बिघडलाय समजून व्हेंडरला फोन लावू नका. आणि यूपीएसवर एक सॉकेट आधीच मोकळं करून ठेवा, व्हॅक्यूम क्लीनरच्या वाटेपासून लांबचं.